फॅक्टरी इन्स्पेक्टरची नोटीस यायच्या आधी: सुरक्षा आणि कामगार कायदे मोडल्यास कोणाला काय शिक्षा

पुण्याजवळच्या भोसरी, तळवडे, चाकण, पिरंगुट या पट्ट्यातल्या छोट्या प्रेस शॉपची (यंत्रानं पत्रा दाबून, कापून भाग बनवणाऱ्या शेडची) आणि फॅब्रिकेशन शेडची कायदेशीर कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम. रात्री दहानंतर एखाद्या मालकाचा फोन आला की पोटात गोळा येतो. त्या वेळी पगारपत्रकाबद्दल विचारायला कोणी फोन करत नाही.

"साहेब, सेकंड शिफ्टला प्रेसवर पोराची दोन बोटं गेली. दंड किती बसेल?"

मी विचारलं, पोरगा कुठल्या दवाखान्यात आहे? मालकाला माहीत नव्हतं. ठेकेदाराला माहीत होतं.

दंडाचा आकडा कायद्यात छापलेला आहे, तो शोधायला दोन मिनिटं लागतात. तो कोणाच्या नावावर पडणार, आणि प्रकरण पैसे भरून मिटणार की शिवाजीनगर कोर्टाच्या तारखा सुरू होणार, हे मात्र अपघाताच्या आधी तुमच्या फायलीत काय होतं त्यावर ठरतं. म्हणून आकड्यांकडे मी तीन पायऱ्या चढल्यावर येणार आहे. घाई असेल त्यांनी थेट चौथ्या पायरीवर जावं, पण मग परत वर यावं लागेल.

पायरी १: आधी तारीख बघा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. कारखान्यांसाठी वर्षानुवर्षं ज्याच्यावर भिस्त होती तो १९४८ चा कारखाने अधिनियम त्यांतलाच एक. त्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिनं घेतली. पगाराचं सगळं वेतन संहिता, २०१९ मध्ये गेलं, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), ग्रॅच्युइटी आणि अपघाताची भरपाई सामाजिक सुरक्षा संहितेत. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथं संक्रमणकाळात चालू राहतात, म्हणून महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ चं पुस्तक रद्दीत घालू नका.

तारखेचा मुद्दा शिक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाचा. संविधानाचं कलम २०(१) सांगतं की गुन्हा घडला त्या वेळच्या कायद्यात होती त्यापेक्षा जास्त शिक्षा देता येत नाही. म्हणजे अपघात २०२५ च्या गणपतीतला असेल तर जुना कायदा, २०२६ च्या संक्रांतीतला असेल तर नवी संहिता. आजही माझ्या टेबलावर दोन्हींची प्रकरणं आहेत आणि मी दोन वेगवेगळ्या रंगांच्या फायली ठेवतो.

पायरी २: तुम्ही 'कारखाना' आहात का?

"आमचं काय, लहानसं शेड आहे" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. नव्या संहितेत वीज वापरून उत्पादन होत असेल तर २० कामगारांपासून, वीज नसेल तर ४० पासून कारखाना धरला जातो. आता माणसं मोजताना गंमत होते. मालक मस्टरवरचे १२ मोजतो. ठेकेदाराचे ९ जण त्याच मशीनवर, त्याच शिफ्टला उभे असतात, ते त्याच्या हिशेबात नसतात. कायद्याच्या हिशेबात असतात. १२ आणि ९ मिळून २१.

आणि समजा खरोखरच १४ जण आहेत, तरी १० किंवा जास्त कामगारांची जागा 'आस्थापना' म्हणून संहितेत येतेच. सुरक्षित जागा देणं, नेमणूकपत्र देणं, अपघात कळवणं ही कर्तव्यं तिथंही आहेत. 'लहान' या शब्दाला कोर्टात काही किंमत नाही. ७ जून २०२१ ला मुळशीतल्या उरवड्याच्या कारखान्यात आग लागून १७ कामगार गेले, बहुतेक बायका. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यातल्या ज्या शेडला आग लागून त्याच दिवशी सहा बायकांचा जीव गेला, तिथं वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनत होत्या. दोन्ही जागा बाहेरून आपल्या रोजच्या बघण्यातल्या शेडसारख्याच.

पायरी ३: नाव कोणाचं लागणार

कायद्यातला शब्द आहे भोगवटादार, बोलण्यात 'ऑक्युपायर'. कंपनी असेल तर संचालकांपैकी एक, भागीदारी असेल तर भागीदारांपैकी एक. काही मालक हुशारी करून प्रॉडक्शन मॅनेजरला भोगवटादार दाखवतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात हा रस्ता बंद केला: कंपनीच्या कारखान्याचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे, पगारी अधिकारी चालणार नाही. खटल्यात भोगवटादार आणि व्यवस्थापक, दोघांचीही नावं येतात.

घरगुती कंपन्यांत यातून जे होतं ते बघवत नाही. करबचतीसाठी बायकोला किंवा म्हाताऱ्या वडिलांना संचालक केलेलं असतं, फॉर्म भरताना पहिलं नाव म्हणून त्यांचंच टाकलं जातं. वडिलांनी पाच वर्षांत शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नसतं, आणि समन्स त्यांच्या नावावर येतं. आज संध्याकाळी नोंदणीचा कागद काढा आणि भोगवटादाराच्या रकान्यात कोण आहे ते वाचा.

या नावाला सुटायची एक वाट आहे. भोगवटादारानं कोर्टात सिद्ध करायचं की कायदा पाळला जावा म्हणून आपण पुरेशी दक्षता घेतली होती, आणि खऱ्या दोषी माणसानं आपल्या माहितीशिवाय, संमतीशिवाय किंवा डोळेझाकीशिवाय ते केलं. जुन्या कायद्यात हे कलम १०१ होतं, नव्या संहितेतही ती तरतूद आहे. पण सिद्ध करायचं म्हणजे कागद हवा. मशीनचा गार्ड (संरक्षक आवरण) तपासल्याची तारीखवार नोंद, ट्रेनिंगच्या हजेरीवर कामगाराची सही, सुपरवायझरला दिलेला लेखी इशारा. आणि हे सगळं अपघाताच्या आधीच्या तारखेचं, एकाच पेनानं एकाच बैठकीत भरलेलं नसावं. इन्स्पेक्टर लोकांना शाई ओळखता येते.

पायरी ४: आता आकडे

नव्या संहितेत पैशाच्या शिक्षेचे दोन प्रकार आहेत, आणि वर्तमानपत्रं दोन्हींना 'दंड' म्हणून टाकतात. शास्ती सरकारनं नेमलेला अधिकारी चौकशी करून बसवतो. दंड आणि कैद कोर्ट देतं. शास्ती भरली म्हणजे गुन्हेगार ठरलात असं होत नाही. कोर्टानं दोषी ठरवलं तर मात्र तो शिक्का टेंडरच्या फॉर्मपासून पासपोर्टपर्यंत मागे लागतो.

संहितेतल्या ज्या कर्तव्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, ते मोडलं तर शास्ती २ लाख ते ३ लाख, आणि चूक चालूच ठेवली तर दिवसाला २,००० रुपये. जुन्या कायद्याच्या कलम ९२ मध्ये याच जागी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होतं. म्हणजे तुरुंगाची भीती कमी झाली, पण खिशाला बसणारी किमान चाट मोठी झाली. पूर्वी काही हजारांवर सुटणाऱ्या प्रकरणात आता २ लाखांच्या खाली येता येत नाही. माझ्या मते लहान मालकाला नवी पद्धत जास्त टोचेल.

रजिस्टर न ठेवणं, विवरणपत्र न भरणं: ५०,००० ते १ लाख. खोट्या नोंदी, बनावट रजिस्टर: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर ६ महिने आणि २ लाखांपर्यंत. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रजिस्टर नसणं ही शास्तीची बाब, खोटं रजिस्टर ही कैदेची. म्हणून मी माझ्या मालकांना सांगतो, नसेल तर "नाही" म्हणा, रात्रीत बनवू नका.

कर्तव्यात कसूर झाली आणि त्यातून माणूस गेला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर दुखापत असेल तर १ वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. दंडाच्या रकमेतला किमान निम्मा हिस्सा जखमीला किंवा वारसांना द्यायचा आदेश कोर्ट देऊ शकतं, ही नवी आणि चांगली गोष्ट. जुन्या कायद्यात मृत्यूसाठी किमान दंड २५,००० होता आणि गंभीर दुखापतीसाठी ५,०००. होय, पाच हजार. तेवढ्यात तेव्हाही चांगला मोबाइल येत नसे. बोटाचा तुकडा कायमचा गेला तर ती गंभीर दुखापतच, "फक्त करंगळी होती" हा बचाव नाही.

रसायनांचा विषय वेगळा. कुरकुंभ, जेजुरी किंवा रांजणगावात धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. १९८४ च्या भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात स्वतंत्र प्रकरण आलं आणि कलम ९६अ खाली ७ वर्षांपर्यंत कैद ठेवली गेली. नव्या संहितेत धोकादायक प्रक्रियेची कर्तव्यं मोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, चालू चुकीला दिवसाला २५,०००, आणि दोषी ठरल्यावरही वर्षभराहून जास्त काळ तेच चालू राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सातावरून दोनवर उतरलेली ही शिक्षा मला पटत नाही, पण कायदा तसा आहे.

कामगारालाही जबाबदारी आहे. गार्ड मुद्दाम काढला, इंटरलॉकला (गार्ड उघडा असेल तर मशीन थांबवणाऱ्या सोयीला) तार बांधली, तर १०,००० पर्यंत शास्ती. मात्र "पोरानंच सेन्सर बायपास केला" असं सांगणाऱ्या मालकाला पहिला उलटा प्रश्न येतो: तासाचं टार्गेट किती होतं? सेन्सर चालू ठेवून ते निघत होतं का?

पोलीस केस वेगळी. कामगार कायद्याखालचा खटला चालला म्हणून ती टळत नाही. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे, १ जुलै २०२४ च्या आधी जुन्या ३०४अ मध्ये २ वर्षं होती. यंत्राबाबतच्या निष्काळजीपणासाठी कलम २८९ आहे. उरवड्याच्या प्रकरणात पौड पोलिसांनी थेट सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला होता.

आणि शेडमध्ये अल्पवयीन पोरं असतील, तर १४ वर्षांखालचं मूल कुठल्याही कामावर, किंवा १४ ते १८ मधलं धोक्याच्या कामावर ठेवल्यास ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० दंड, किंवा दोन्ही. १९८६ चा हा बालकामगार कायदा संहितांत गेलेला नाही, जागेवर आहे. "मामाबरोबर आलाय, नुसता बसलाय" हे कोणी ऐकत नाही.

पायरी ५: पगार आणि पीएफ

इथं थोडक्यात. कमी पगार दिला तर ५०,००० पर्यंत दंड, पाच वर्षांच्या आत पुन्हा तेच केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चूक लक्षात आली की त्याच आठवड्यात फरक खात्यात टाका. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत. काम सोडलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत. ओटी (जादा तासांचं काम) दुप्पट दरानं, आणि "ओटी सिंगलच देतो, सगळे खूश आहेत" हा करार कायद्याला मान्य नाही.

पीएफचा एक मुद्दा मात्र गंभीर. कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली आणि भरली नाही, तर किमान १ वर्ष आणि कमाल ३ वर्षं कैद, शिवाय १ लाख दंड. या सगळ्या लेखात किमान कैद लिहिलेल्या जागा दोनच, त्यांतली ही एक. महिनाअखेर पैसे कमी पडले की मालक आधी स्टीलवाल्याचं बिल भागवतो आणि पीएफचं चलन मागे ठेवतो. उलटं करा.

ठेकेदारानं पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करताना त्याच्या माणसांचं बँक स्टेटमेंट, पीएफ आणि ईएसआयचं चलन जोडून घ्या. नावंही जुळवून बघा. मी एका चलनात अशी तीन नावं पाहिली आहेत जी गेटच्या रजिस्टरमध्ये कधीच नव्हती, आणि गेटवर असलेली पाच चलनात नव्हती.

पायरी ६: अपघात झाला, पहिले दोन दिवस

आधी माणूस. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या कपड्यात गुंडाळून, कोरड्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात नाही. जवळच्या, प्लास्टिक सर्जरीची सोय असलेल्या दवाखान्यात. ईएसआयचं चिंचवडच्या मोहननगरचं किंवा बिबवेवाडीचं रुग्णालय पुढच्या उपचारांसाठी आहेच, पण पहिला तास पत्ता शोधण्यात घालवू नका.

मशीन बंद करा आणि तशीच ठेवा. डाय (साचा) उतरवू नका, रक्त धुऊ नका, तोडलेला गार्ड परत बसवू नका. फोटो काढा. रात्रीच्या रात्री नवा गार्ड बसवलेली प्रेस मी बघितली आहे, त्याच्या बोल्टवरचा रंग सकाळीही ओला होता.

मग कळवणं. मृत्यू झाला, किंवा दुखापतीमुळे माणूस ४८ तासांहून जास्त कामावर येऊ शकणार नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावंच लागतं. मृत्यू असेल तर पोलीस, जिल्हाधिकारी आणि घरच्यांनाही लगेच. ईएसआय असेल तर अपघाताचा अहवाल २४ तासांत, मृत्यू असेल तर तत्काळ. न कळवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि खटल्यात तोच सगळ्यात आधी सिद्ध होतो, कारण दवाखान्याच्या केसपेपरवर तारीख असते.

त्या रात्रीच्या फोनकडे परत येतो. पोरगा नऊ महिने कामावर होता आणि ईएसआयमध्ये त्याचं नाव नव्हतं. ठेकेदार म्हणाला, आत्ता रात्रीच ऑनलाइन नोंदवून टाकतो, कामावर आल्याची तारीख परवाची घालतो. पोर्टलवर नोंदणीची वेळ मिनिटासकट राहते आणि केसपेपरवर अपघाताची. दोन्ही शेजारी ठेवायला वकील लागत नाही. मालकाला मी सांगितलं, हे करू दिलंत तर फाइल उचला आणि दुसरा माणूस शोधा. त्यानं ऐकलं. मग सरळ मार्ग उरला: अपघात कळवायचा आणि भरपाई स्वतः द्यायची.

ती किती? कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के कमाईक्षमतेचं नुकसान. पोराचं वय २५, त्यासाठीचा कायद्यातला गुणक २१६.९१. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पगाराच्या ६० टक्के धरतात आणि २०२० पासून हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० आहे. ९,००० गुणिले २१६.९१ म्हणजे १९,५२,१९०. त्याचे २० टक्के ३,९०,४३८ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत जादा शास्ती. ईएसआयमध्ये नाव असतं तर हा बोजा ईएसआय महामंडळानं उचलला असता आणि उपचारांच्या काळात पोराला पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम घरी मिळाली असती. मालकानं वर्गणीचे वाचवलेले पैसे नऊ महिन्यांत किती होते ते मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता.

पायरी ७: नोटीस आली तर

कारणे दाखवा नोटीस आली की तिच्यावर मिळाल्याची तारीख आणि वेळ लिहा. मुद्दे एकेक करून उत्तर द्या. जे चुकलं ते कबूल करा, काय दुरुस्त केलं त्याचे फोटो आणि बिलं जोडा, जे चुकलेलं नाही त्याला कागदानिशी नाकारा. "सर्व आरोप निराधार आहेत" हे एका ओळीचं उत्तर फार वकील देतात, त्यानं शून्य फायदा होतो. इन्स्पेक्टरला गेटवर अडवू नका, रजिस्टर "सीएकडे आहे" म्हणू नका. अडथळा आणणं हा कैदेची तरतूद असलेला स्वतंत्र गुन्हा आहे.

काही गुन्हे ठरावीक रक्कम भरून आपसात मिटवता येतात. पण मृत्यूच्या प्रकरणात ती वाट शोधण्यात वेळ घालवू नका.

पायरी ८: तुम्ही कामगार असाल तर

दवाखान्यात केसपेपर लिहिताना "कामावर, मशीनवर" हे शब्द लिहून घ्या. सुपरवायझर "घरी पडला म्हणून सांग, खर्च आम्ही करतो" म्हणेल. तसं सांगितलंत की पुढचे सगळे दरवाजे तुम्हीच लावून घेतलेत. पगार स्लिप, गेटपास, व्हॉट्सअ‍ॅपवरचे शिफ्टचे मेसेज, बँकेतली पगाराची नोंद, सगळं ठेवा. नेमणूकपत्र नसेल तर हेच तुमचं नेमणूकपत्र.

स्टॅम्प पेपरवर "पन्नास हजार मिळाले, तक्रार नाही" अशी सही घ्यायला कोणी आलं, तर हे लक्षात ठेवा की भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्यानं निरर्थक असतो. मृत्यूच्या प्रकरणात मालकानं वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नाहीत, रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे (जुन्या कायद्यात आयुक्तांकडे) जमा करावी लागते. भरपाईचा अर्ज दोन वर्षांच्या आत. सुरक्षेची तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, पगाराची कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे, पीएफची पीएफ कार्यालयाकडे. तीन खिडक्या आहेत, एकाच अर्जात सगळं कोंबलं की तो टेबलांवर फिरत बसतो. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.